टपाल एका जागी, पत्ते वेगवेगळे

गेल्या पावसाळ्यातली एक दुपार. पंचगंगेचं पाणी वाढत होतं, वीज येऊन-जाऊन होती आणि ऑफिसात कुणी येण्याची शक्यता नव्हती. पासवर्डची वही आवरावी म्हणून मी एकेक ईमेल खातं लॅपटॉपवर उघडून पाहत होते. सातव्या खात्यात सगळ्यात वर एक न वाचलेला मेल होता. जीएसटीआर-१ आणि ३बी या दोन विवरणपत्रांतल्या आकड्यांत तफावत का, असा खुलासा मागणारी नोटीस. मुदत तीस दिवसांची. मेल येऊन सव्वीस दिवस झाले होते.

तफावत साधी होती. व्यापाऱ्याकडून कापड परत आलं होतं. त्याची क्रेडिट नोट ३बीमध्ये धरली गेली आणि जीएसटीआर-१ मध्ये टाकायची राहिली. उरलेल्या चार दिवसांत बिलं काढली, खुलासा भरला, प्रकरण तिथंच मिटलं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. ज्यांची ती नोटीस होती, ते माझे क्लायंट, मामा, इचलकरंजीत चोवीस माग चालवतात. नोटिशीचा त्यांना गंधही नव्हता, कारण तो ईमेल पत्ता त्यांच्या नावानं मीच उघडून दिला होता आणि तो उघडून पाहायचं काम माझं होतं. नोटीस जीएसटीच्या पोर्टलवरही होतीच, पण वेगळ्या टॅबमध्ये. मी विवरणपत्र भरून त्याआधीच बाहेर पडले होते.

मी बावीस वर्षं कर सल्लागार म्हणून काम करते. आमच्याकडे क्लायंटला ‘पार्टी’ म्हणतात. २०१७ च्या जुलैमध्ये जीएसटी लागू झाला तेव्हा नोंदणीसाठी प्रत्येक पार्टीचा ईमेल पत्ता हवा होता. आमच्या कितीतरी मागवाल्यांकडे तो नव्हता. ऑफिसासमोर रांग लागलेली असायची. तेव्हा मी आणि माझ्यासारख्या अनेक सल्लागारांनी सरळ पार्टीच्या नावानं खाती उघडली, पासवर्ड वहीत लिहिले आणि पुढच्या माणसाला बोलावलं. त्या वेळी ते योग्यच वाटलं. वहीत अशी अकरा खाती जमली.

त्यात भर माझ्या स्वतःच्या सहा खात्यांची. कॉलेज संपताना उघडलेलं जुनं खातं, ज्यावर अजून विम्याची पत्रं येतात. नंतरचं घरगुती खातं. ऑफिसच्या डोमेनचं खातं. फक्त नोटिशींसाठी ठेवलेलं एक. मी खजिनदार असलेल्या सोसायटीचं एक. आणि आईचं, कारण तिचं पेन्शन, बँक आणि दर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला यांचं सगळं टपाल तिथं येतं. सहा खाती सहा ठिकाणी पसरलेली होती. दोन क्रोमवर, एक फायरफॉक्सवर, दोन फोनवरच्या वेगवेगळ्या अ‍ॅपमध्ये, आणि एक फक्त तेव्हाच उघडायचं जेव्हा कुणीतरी फोन करून विचारायचं, “मॅडम, मेल बघितलात का?”

नोटिशीचा तो प्रसंग झाल्यावर एका सोमवारी मी कागद घेऊन बसले आणि एका खात्यातून दुसऱ्यात जाताना दरवेळी एक रेघ ओढली. संध्याकाळी मोजल्या तर त्रेचाळीस रेघा. त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा तिथं नवं काहीच नव्हतं. म्हणजे दिवसभर मी दारोदार जाऊन पत्रपेट्या उघडत होते, आणि जिथं खरंच पत्र होतं ते दार नेमकं राहून गेलं होतं.

म्हणून मला जे सांगायचं आहे ते असं. ज्यांच्याकडे दोनपेक्षा जास्त ईमेल खाती आहेत, त्यांनी एक रविवार काढावा आणि सगळं टपाल एकाच ठिकाणी दिसेल असं अ‍ॅप घ्यावं. पण पत्ते एकत्र करू नयेत. पत्ता म्हणजे आपली एकेक जबाबदारी. सोसायटीचा खजिनदार, आईची मुलगी, पार्टीची सल्लागार या तीन भूमिका आहेत आणि त्यांची पत्रं एकमेकांत मिसळता कामा नयेत.

हे सुचवलं की पहिली शंका येते, “अ‍ॅप बदललं तर माझा पत्ता बदलेल का?” ही शंका मी शिकल्या-सवरल्या लोकांकडूनही ऐकली आहे, आणि तिच्यामुळेच लोक वर्षानुवर्षं गैरसोयीत राहतात. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्यानं एका संगणकावरून दुसऱ्यावर संदेश पाठवला, तेव्हा माणसाचं नाव आणि त्याचं टपाल जिथं येतं त्या यंत्राचं नाव यांच्यामध्ये त्यानं ‘अ‍ॅट’चं चिन्ह ठेवलं. पन्नास वर्षांनंतरही रचना तीच आहे. चिन्हाआधी माणूस, चिन्हानंतर टपाल सांभाळणारी सेवा. त्यात अ‍ॅपचं नाव कुठंच नाही. जीमेलचं खातं दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये उघडता येतं आणि जीमेलच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये दुसऱ्या सेवेचं खातं जोडता येतं. आमच्या गावच्या भाषेत सांगायचं तर माग बदलला म्हणून सूत बदलत नाही.

दुसरी सूचना हमखास येते ती म्हणजे सगळी खाती एकाच खात्यावर फॉरवर्ड करून टाका. मी हा उपाय तीन वर्षं वापरला आहे. त्यानं टपाल एका जागी येतं हे खरं, पण उत्तर भलत्याच पत्त्यावरून जातं. सोसायटीच्या सभासदानं थकबाकीबद्दल विचारलं आणि त्याला उत्तर माझ्या घरगुती पत्त्यावरून गेलं. पुढच्या वर्षी खजिनदार बदलला असता तर तो सगळा पत्रव्यवहार माझ्या खासगी खात्यात अडकून पडला असता. शिवाय फॉरवर्ड होऊन आलेले मेल कधीकधी संशयास्पद ठरून स्पॅममध्ये जाऊन बसतात. मूळ खात्यात तर सगळं न वाचलेलंच दिसत राहतं.

फॉरवर्ड आणि एकत्रित इनबॉक्स यांतला फरक समजायला दोन जुने शब्द उपयोगी पडतात, पॉप आणि आयमॅप. पॉप म्हणजे टपाल कचेरीत जाऊन आपली पत्रं पिशवीत भरून घरी आणणं. कचेरीत मागे सहसा काही उरत नाही. आयमॅपमध्ये पत्रं कचेरीतच राहतात आणि आपण कुठूनही ती वाचतो. एक पत्र फोनवर वाचलं की लॅपटॉपवरही ते वाचलेलं दिसतं. आयमॅपची सुरुवात १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी केली. मला मात्र त्याचं महत्त्व २०१२ मध्ये कळलं. तोवर ऑफिसच्या संगणकावर पॉपची जोडणी होती आणि मेल उतरवून घेतला की तो सर्व्हरवरून पुसला जायचा. एका सकाळी हार्ड डिस्क गेली आणि तिच्याबरोबर चार वर्षांचा पत्रव्यवहार गेला. बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्या मुलानं दोन दिवस प्रयत्न केला, पण एकही मेल परत आला नाही. तेव्हापासून आयमॅप नसेल तर मी खातं जोडत नाही.

अ‍ॅप निवडताना मी तीन प्रश्न विचारले. ते कुणालाही उपयोगी पडतील.

पहिला, माझं टपाल कुठं राहणार? काही अ‍ॅप तुमच्या सगळ्या मेलची प्रत आधी स्वतःच्या सर्व्हरवर घेतात आणि मग तुम्हाला दाखवतात. उशिरा पाठवणं, आठवण करून देणं अशा सोयी त्यातून देता येतात. पण माझ्या मेलमध्ये लोकांचे पॅन, आधार, बँकेचे खातेउतारे असतात. आयकराच्या वार्षिक माहिती पत्रकाची फाईल पॅन आणि जन्मतारीख घालून उघडते, आणि ज्या खात्यात ती फाईल असते त्याच खात्यात बहुतेक वेळा पॅन आणि जन्मतारीखही असते. हे सगळं तिसऱ्याच कुणाच्या कपाटात ठेवायचा अधिकार मला पार्टीनं दिलेला नाही. २०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण कायदा नसता तरी हा प्रश्न विचारणं माझं कर्तव्यच होतं. म्हणून फोन किंवा संगणक आणि टपालाची मूळ सेवा यांच्यामध्ये तिसरं कुणी नको, ही माझी पहिली अट होती.

दुसरा, माझा पासवर्ड कुणाला कळणार? चांगलं अ‍ॅप खातं जोडताना मूळ सेवेचं स्वतःचं पान उघडतं, पासवर्ड आपण तिथं टाकतो आणि अ‍ॅपला फक्त परवानगी मिळते. ही परवानगी नंतर कधीही काढून घेता येते. जे अ‍ॅप पासवर्ड स्वतःच्या चौकटीत लिहायला सांगतं, तिथं थांबून चौकशी करावी.

तिसरा, हे अ‍ॅप उद्या बंद पडलं तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. ‘मेलबॉक्स’ नावाचं अतिशय लोकप्रिय अ‍ॅप ड्रॉपबॉक्सनं २०१३ मध्ये विकत घेतलं आणि २०१६ मध्ये बंद केलं. गूगलचं ‘इनबॉक्स’ २०१४ मध्ये आलं आणि २०१९ मध्ये गेलं. दोन्ही कंपन्या मोठ्या होत्या, लोकांचं प्रेमही होतं. पण टपाल मूळ सेवेकडेच असल्यानं वापरणाऱ्यांचे मेल हरवले नाहीत, फक्त सवय मोडली. आयमॅप आणि आपला पत्ता हाताशी असेल तर अ‍ॅप बंद पडण्याची भीती उरत नाही.

मी थंडरबर्ड घेतलं. २००४ पासून चालत आलेलं, फुकट, लोकांच्या देणग्यांवर चालणारं. ऑक्टोबर २०२४ पासून ते अँड्रॉइड फोनवरही आलं आहे. तुम्हीही हेच घ्यावं असं माझं म्हणणं नाही. आयफोनवरचं मेल अ‍ॅप सगळे इनबॉक्स एकत्र दाखवतं. जीमेलच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्येही ‘ऑल इनबॉक्सेस’ असा पर्याय डाव्या बाजूच्या यादीत असतो आणि अनेकांनी तो कधी दाबूनच पाहिलेला नसतो. नवं काही उतरवण्याआधी तेवढं करून पाहा. कित्येकांचं काम तिथंच होईल.

प्रत्यक्ष बदलायला मला एक रविवार लागला. सकाळी नऊला बसले, अकरापर्यंत सहा खाती जोडून झाली. वेळ गेला तो पुढं. प्रत्येक खात्याला रंग दिला. नोटिशींचं लाल, ऑफिसचं निळं, सोसायटीचं हिरवं, आईचं जांभळं. प्रत्येकाची सही वेगळी केली, म्हणजे सोसायटीच्या पत्राखाली माझा नोंदणी क्रमांक जाणार नाही. नोटिशींचं खातं सोडून बाकी सगळ्या खात्यांच्या सूचना, म्हणजे ती टिंग-टिंग, बंद केली. मग लॅपटॉपवरची सगळी जोडणी पडद्यावरच्या क्यूआर कोडनं फोनवर घेतली. दुपारी जेवायला बसले तेव्हा सहाही खात्यांचं टपाल तारखेप्रमाणे एकाखाली एक लागलेलं होतं. विम्याच्या हप्त्याची आठवण, सूत व्यापाऱ्याचं स्टेटमेंट, पाण्याच्या टाकीबद्दलची तक्रार, आईच्या बँकेचं पत्र. इतक्या वर्षांत माझं सगळं टपाल मी पहिल्यांदा एका नजरेत पाहिलं.

फोल्डरांचं मात्र मी काहीच केलं नाही. आधी माझ्याकडे प्रत्येक पार्टीचा, प्रत्येक वर्षाचा फोल्डर होता. शनिवारची दुपार त्यात मेल टाकण्यात जायची. २०११ मध्ये संशोधकांनी ३४५ जणांच्या मेल शोधण्याच्या सवयी तपासल्या होत्या. फोल्डर लावणाऱ्यांना जुना मेल सापडण्यात जास्त यश आलं नाही आणि वेळ मात्र जास्त लागला, असं त्यात दिसलं. ते वाचून मी फोल्डर सोडले. आता शोधाच्या चौकटीत ‘थकबाकी’ किंवा पार्टीच्या फर्मचं नाव टाकते आणि सहाही खात्यांतलं सगळं समोर येतं. एकत्रित अ‍ॅपचा हा फायदा मला आधी सुचलाही नव्हता. आपल्याला शब्द आठवत असतो, पण तो मेल कोणत्या खात्यात आला होता हे आठवत नसतं.

एक इशारा द्यायला हवा. टपाल एकत्र आलं की ते सतत पाहत बसायचा मोहही वाढतो. पूर्वी सहा दारं होती म्हणून आळसानं तरी हात थांबायचा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये १२४ जणांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल पाहायचा, एक आठवडा हवा तितका. तीनदाच पाहण्याच्या आठवड्यात लोकांना ताण कमी जाणवला. मी तेच ठेवलं आहे. साडेदहा, दोन आणि साडेपाच. जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि ३बीची २० तारीख जवळ आली की एक फेरी जास्त. सोमवारच्या रेघा आता नऊवर आल्या आहेत.

दुसरा इशारा चुकीच्या पत्त्यावरून उत्तर जाण्याचा. एकत्रित इनबॉक्समध्ये ज्या पत्त्यावर मेल आला त्याच पत्त्यावरून उत्तर जातं, पण नवा मेल लिहिताना अ‍ॅप एक ठरलेला पत्ता धरतं. म्हणून मी हाताला एक वळण लावलं आहे. आधी ‘फ्रॉम’ची ओळ वाचायची, मग विषय लिहायचा, आणि ज्याला पाठवायचं त्याचा पत्ता सगळ्यात शेवटी भरायचा. अर्धवट मेल चुकून गेलाच तर जायला पत्ताच नसतो.

या सगळ्यात खरा प्रश्न उरला होता तो वहीतल्या त्या अकरा खात्यांचा. तीही जोडून टाकावीत, म्हणजे सतरा खाती एका जागी येतील, असं मला त्या रविवारी वाटलं होतं. पहिलं खातं जोडायला घेतलं आणि हात थांबला. ते माझं टपालच नव्हतं. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६९ नुसार नोंदणीच्या वेळी दिलेल्या ईमेलवर नोटीस पाठवणं हा ती बजावण्याचा एक अधिकृत मार्ग आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं त्या पत्त्यावर मामा राहतात. प्रत्यक्षात तिथं मी राहत होते, आणि तेही महिनोन्‌महिने घराला कुलूप लावून. अकरातली दोन खाती मी दीड वर्षांत उघडलेली नव्हती. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल पुसून टाकू शकतं, हे धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. आणखी सहा महिने गेले असते तर दोन धंद्यांचा सरकारदरबारचा पत्ताच नाहीसा व्हायची वेळ आली असती.

मी मामांना ऑफिसात बोलावलं. सगळं सांगितलं, नोटीस माझ्यामुळे राहिली होती हेही सांगितलं. ते म्हणाले, “ताई, ते मेल-बिल मला काय कळतंय? तुमच्याकडंच असू दे की.”

म्हटलं, “मामा, बँकेचं पासबुक माझ्याकडं ठेवाल का?”

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोराला पाठवतो.”

त्यांचा मुलगा आला. त्याच्या फोनवर खातं जोडलं, पासवर्ड त्यानं बदलला, मी वहीतली ओळ खोडली. खात्याशी जोडलेला मोबाईल क्रमांकही मामांचा केला. कर खात्याकडून येणारे मेल तेवढे माझ्या नोटिशींच्या खात्यावर आपोआप यावेत असा नियम त्यांच्या खात्यात लावला. फॉरवर्डला माझा विरोध आहे, पण तो सगळं टपाल उचलून दुसरीकडे टाकण्याला. इथं मालकानं आपल्या हातानं नेमकी पत्रं सल्लागाराला पाठवली आहेत आणि उत्तर पोर्टलवरच जायचं आहे. मूळ पत्र त्याच्याकडेच राहतं. अकरापैकी नऊ खाती अशी परत गेली. उरलेल्या दोघांनी स्वतःचे नवे पत्ते काढले आणि ते जीएसटी पोर्टलवर बदलून घेतले. या बदलाला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही, ओटीपीवर काम होतं.

माझ्या व्यवसायातल्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात अशी वही आहे. गर्दीच्या दिवसांत आपण ती सोय म्हणून केली, पण आता ती लोकांच्या हक्काच्या टपालावर बसून आहे. ती परत करा. पार्टीला कळत नाही असं म्हणू नका. ज्यांना आज व्हॉट्सअ‍ॅपवर सुताचा भाव कळतो, त्यांना मेलही कळतो. फक्त आपण तो त्यांच्या फोनवर लावून द्यायला हवा.

आईच्या खात्याबद्दलही मी तसंच केलं. ते माझ्याकडे जांभळ्या रंगात दिसतंच, पण आता ते तिच्या फोनवरही आहे, मोठ्या अक्षरांत. आयमॅपमुळे तिनं वाचलेलं मला वाचलेलं दिसतं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची आठवण करून देणारा बँकेचा मेल आला. मी साडेदहाच्या फेरीत पाहिला तेव्हा तो आधीच वाचलेला होता. मी फोन केला तर ती रिक्षात होती, बँकेकडे निघालेली.